चहाडखोर काळीज: एका आठ मिनिटांच्या चित्रपटातील ध्यास आणि उन्माद

एडगर ॲलन पो याची 'द टेल-टेल हार्ट' ही कथा जानेवारी १८४३ मध्ये बोस्टनच्या 'द पायोनियर' या मासिकाच्या पहिल्याच अंकात प्रसिद्ध झाली, आणि जे मासिक अवघे तीन अंक निघून बंद पडले त्याचे नाव आज प्रामुख्याने या एका कथेमुळे घेतले जाते. कथा दोन हजार शब्दांच्या आसपास आहे. एका म्हाताऱ्याच्या एका डोळ्याने पछाडलेला निवेदक सात रात्री त्याच्या खोलीत डोकावतो, आठव्या रात्री त्याचा खून करून प्रेत फरशीच्या फळ्यांखाली दडवतो आणि चौकशीला आलेल्या पोलिसांसमोर, त्या फळ्यांखालून काळजाचे ठोके ऐकू येत असल्याच्या भासाने, स्वतःच गुन्हा कबूल करतो, एवढेच तिचे कथानक. इंग्रजीतील 'टेल-टेल' या विशेषणाचा अर्थ लपवलेली गोष्ट न विचारता उघड करणारा, म्हणजे मराठीत चहाडखोर. या कथेवर अमेरिकेतील युनायटेड प्रॉडक्शन्स ऑफ अमेरिका, अर्थात यूपीए, या संस्थेने १९५३ मध्ये जेमतेम आठ मिनिटांचा रंगीत सचेतपट, म्हणजे चित्रांना चलन देऊन केलेला चित्रपट, काढला. ध्यासाचे उन्मादात होणारे रूपांतर पडद्यावर कसे आणता येते, या प्रश्नाचे या छोट्या चित्रपटाने दिलेले उत्तर हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

विषयात शिरण्यापूर्वी शब्दांची निरवानिरव करणे आवश्यक आहे, कारण मराठीत या प्रदेशातील शब्द विपुल असून त्यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. ध्यास हा बहुधा गौरवाने उच्चारला जातो. छंद निरुपद्रवी असतो. वेड हे क्रिकेटचेही असते आणि वेड्याचेही असते. पिसे लागणे या प्रयोगाला तर भक्तिपरंपरेने प्रतिष्ठा दिली असून, ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंसारख्या पुरुषाचे लोकांना वेड्यासारखे भासणारे वर्तन महानुभावांनी परमेश्वराची लीळा म्हणून जपून ठेवले आहे. हा वारसा मोलाचा असला तरी पोच्या कथेकडे वळताना तो बाजूला ठेवावा लागतो, कारण तेथील वेडात ईश्वरी असे काहीही नाही. मानसरोगशास्त्राने दिलेले भेद येथे अधिक उपयोगी पडतात. ज्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात त्या विकारात माणसाच्या मनात एकच विचार पुन्हा पुन्हा घुसतो, मात्र तो विचार निरर्थक आहे हे त्याला बहुधा कळत असते आणि तो त्याच्याशी झगडतही असतो. कुलूप लावले आहे हे ठाऊक असूनही दहा वेळा ते ओढून पाहणारा माणूस या जातीचा. भ्रमात मात्र झगडा संपलेला असतो, खोट्या गोष्टीवर अढळ विश्वास बसलेला असतो आणि पुरावा दाखवून तो हलत नाही. भास ही तिसरी अवस्था, ज्यात बाहेर काहीही नसताना इंद्रियांना काहीतरी जाणवते. पोचा निवेदक डोळ्याच्या विचाराने रात्रंदिवस ग्रासला जातो, तो डोळा अमंगल असल्याबद्दल त्याला तिळमात्र शंका राहत नाही, आणि शेवटी त्याला नसलेला आवाज ऐकू येतो. या तिन्ही पायऱ्या तो क्रमाने उतरतो, आणि प्रत्येक पायरीवर थांबून आपण किती शहाणे आहोत हे श्रोत्याला पटवून देतो.

मराठीतील एक शब्द मात्र या कथेच्या गाभ्यापर्यंत आपोआप पोहोचतो, आणि तो म्हणजे नाद. नाद म्हणजे ध्वनी, आणि नाद म्हणजे माणसाला ओढून नेणारी, सुटता न सुटणारी सवय किंवा ओढ. नादी लागणे, नादावणे, नाद सोडणे हे प्रयोग दुसऱ्या अर्थावर उभे आहेत आणि पहिला अर्थ त्यांच्या तळाशी घुमत राहतो. पोच्या भाषेला ही सोय उपलब्ध नव्हती. त्याच्याकडे दुसरी होती: इंग्रजीत डोळा आणि 'मी' या दोन शब्दांचा उच्चार एकच असल्याने, डोळा नष्ट करण्याच्या संकल्पात 'मी'च नष्ट होतो असा अर्थ अनेक अभ्यासकांनी काढला आहे. कथेची वाट डोळ्याकडून कानाकडे जाते. जो ध्यास पाहण्यात सुरू होतो तो ऐकण्यात संपतो, आणि चित्रपट हे दृश्य व ध्वनी यांचेच माध्यम असल्याने या कथेने चित्रपटकारांना वारंवार खुणावले यात नवल नाही.

कथा लिहिली गेली तो काळ उन्मादाच्या विचारात मोठ्या उलथापालथीचा होता. फ्रेंच वैद्य एस्किरोल याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी 'मोनोमेनिया' ही संकल्पना मांडली होती. एरवी सर्व बाबतींत शाबूत असलेली बुद्धी एकाच विषयापुरती बिघडू शकते, असा तिचा आशय असल्याने तिला एकविषयोन्माद म्हणता येईल. त्यापूर्वी वेडा म्हणजे सर्वथा बुद्धिभ्रष्ट, पशुवत झालेला माणूस अशी समजूत न्यायालयांतही रूढ होती, आणि जो हिशेब करतो, योजना आखतो, नीट बोलतो तो वेडा असूच शकत नाही असे त्या समजुतीतून ओघानेच निघत असे. अमेरिकन वैद्य आयझॅक रे याने १८३८ मध्ये उन्मादाच्या न्यायवैद्यकावर लिहिलेल्या ग्रंथात या समजुतीवर हल्ला चढवला. पो त्या सुमारास फिलाडेल्फियात राहत होता आणि तेथे १८४० मध्ये गाजलेल्या जेम्स वुड खटल्यावर, ज्यात स्वतःच्या मुलीचा खून करणारा आरोपी वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरला, त्याने लिहिलेही होते. आरोपीचा शांतपणा हा त्याच्या शहाणपणाचा पुरावा मानता येत नाही, उलट तो उन्मादाशी सुसंगत आहे, असा त्या लेखनाचा रोख होता. म्हणजे कथेतला निवेदक ज्या युक्तिवादावर सारी भिस्त ठेवतो, त्या युक्तिवादाचे खंडन त्याच्या निर्मात्याने तीन वर्षे आधीच करून ठेवले होते.

येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. कथा प्रसिद्ध झाली त्याच महिन्यात, २० जानेवारी १८४३ रोजी, लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड काही दिवसांतच मरण पावले. आपला छळ होत असल्याच्या भ्रमाने आरोपीला ग्रासले होते हे बचावपक्षाने मांडले, त्यासाठी रे याच्या ग्रंथाचा आधार घेतला, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. त्यावर उठलेल्या गदारोळातून न्यायाधीशांनी जे निकष सांगितले ते मॅकनॉटन नियम म्हणून ओळखले जातात: कृत्य करताना आरोपीला त्या कृत्याचे स्वरूप कळत नव्हते, किंवा ते चुकीचे आहे हे कळत नव्हते, असे सिद्ध झाले तरच वेडेपणाचा बचाव चालतो. भारतीय दंडसंहितेचे कलम ८४ याच विचारातून आले, आणि आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये तो विचार कायम आहे. त्यामुळे पोच्या निवेदकाचा खटला मुंबईच्या किंवा नागपूरच्या न्यायालयात उभा राहिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मराठी वाचकाला अगदीच परका नाही. त्याने खुनाची वेळ निवडली, प्रेत दडवले, रक्ताचा डाग राहू दिला नाही, पोलिसांना हसतमुखाने घरभर फिरवले. हे सारे कृत्याचे स्वरूप कळत असल्याचेच लक्षण ठरले असते. आपण वेडे आहोत असे सांगण्यातच ज्याची सुटका आहे तो माणूस आपण वेडे नाही हे सिद्ध करण्यासाठी जिवाचे रान करतो, आणि तेवढ्याने स्वतःला फासाच्या अधिक जवळ नेतो. कथेतील सर्वांत काळाकुट्ट विनोद हाच असावा.

ही कथा पडद्यावर आणणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो माणसाचा. कथेत निवेदकाला नाव नाही, वय नाही, म्हाताऱ्याशी असलेले त्याचे नाते स्पष्ट नाही. मराठी अनुवादकाची तर याहून मोठी पंचाईत होते, कारण इंग्रजीत 'मी' स्त्री की पुरुष हे क्रियापदावरून कळत नाही, तर मराठीत 'मी घाबरलो' किंवा 'मी घाबरले' यांतून एकाची निवड पहिल्या काही वाक्यांतच करावी लागते. 'म्हातारा' या शब्दाने मात्र मराठी अनुवादकाला एक लाभ होतो: 'आमचा म्हातारा' म्हणजे बाप, हा बोलीतला अर्थ त्यात सहज जागा होतो. मूळ इंग्रजी शब्दप्रयोगातही ही छटा आहे, आणि मारी बोनापार्त हिने १९३३ मध्ये पोवर लिहिलेल्या मनोविश्लेषणात्मक ग्रंथात म्हाताऱ्यामध्ये पोच्या पालक पित्याची, जॉन ॲलन याची, सावली पाहिली आहे. त्या ग्रंथाला खुद्द सिग्मंड फ्रॉइडने प्रस्तावना लिहिली होती. बोनापार्तचे निष्कर्ष आज जसेच्या तसे स्वीकारणारे थोडे, कारण लेखकाच्या चरित्रातील प्रत्येक व्यक्तीला कथेत पात्र शोधून देण्याची घाई त्यात फार आहे. पण वचक बसवणाऱ्या, सतत पाहत असलेल्या वडीलधाऱ्या नजरेचे तिने उचललेले सूत्र सोडून देण्यासारखे नाही.

यूपीएच्या चित्रपटाचे वेगळेपण कळण्यासाठी त्यापूर्वीच्या दोन लघुचित्रपटांशी त्याची तुलना हवी. चार्ल्स क्लाइन याने १९२८ मध्ये काढलेला मूकपट जर्मन अभिव्यक्तिवादाच्या, म्हणजे मनातील खळबळ बाह्य वस्तूंच्या विकृत आकारांतून व्यक्त करणाऱ्या संप्रदायाच्या, प्रभावाखाली होता. रॉबर्ट वीने याच्या १९२० मधील 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी' या चित्रपटातील तिरक्या भिंती आणि वाकड्या खिडक्या त्यात पुन्हा भेटतात. तो मूक असल्याने कथेतील मध्यवर्ती गोष्ट, म्हणजे आवाज, त्याला डोळ्यांनाच दाखवावी लागली. दुसरा चित्रपट ज्यूल्स दासँ याचा, १९४१ मध्ये एमजीएम संस्थेसाठी केलेला, वीस मिनिटांचा आणि त्याच्या दिग्दर्शनाचा आरंभ ठरलेला. जोझेफ शिल्डक्राउट या नटाने त्यात तरुण विणकराचे काम केले असून म्हातारा हा त्याला वर्षानुवर्षे अपमानित करणारा मालक आहे. ध्वनीचा वापर त्यात विलक्षण सावध आहे. घरातले बारीकसारीक, नेहमीचे आवाज हळूहळू ठोक्यांची लय घेऊ लागतात. मात्र छळाचा इतिहास जोडून दासँने ध्यासाला कारण दिले, आणि कारण मिळताच ध्यास सूड बनतो. पोचा निवेदक ठासून सांगतो की त्याला म्हाताऱ्याबद्दल राग नव्हता, त्याच्या पैशाची हाव नव्हती, उलट प्रेमच होते. हे वाक्य काढून टाकले की कथा उरते, पण तिचे भय उरत नाही.

या तीन चित्रपटांतील भेद सांगण्यास भरताच्या नाट्यशास्त्राची परिभाषा पाश्चात्त्य समीक्षेच्या परिभाषेइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, उपयोगी ठरते. भरताने उन्मादाची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत, म्हणजे स्थायी भावाच्या अनुषंगाने येणाऱ्या-जाणाऱ्या चित्तवृत्तींत, केली आहे. त्याचे विभाव, म्हणजे कारणे, प्रियजनांचा मृत्यू, धननाश, आघात अशी सांगितली आहेत, आणि अनुभाव, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या खुणा, अकारण हसणे, रडणे, असंबद्ध बोलणे, धावणे, नाचणे, अंगाला धूळ फासणे अशा. शतकानुशतके रंगभूमीवरचा आणि पुढे चित्रपटातला वेडा याच खुणांनी ओळखला गेला: विस्कटलेले केस, गरगरणारे डोळे, मधूनच फुटणारे हसू. दासँच्या चित्रपटाने विभाव वाढवला. शिल्डक्राउटच्या घामेजलेल्या चेहऱ्याने सात्त्विक भाव, म्हणजे घाम, कंप, विवर्णता यांसारखे शरीराचे आपोआप उमटणारे विकार, पुरवले. यूपीएच्या चित्रपटाने मात्र विभावही दिला नाही आणि शरीरही दिले नाही. निवेदक त्यात जवळजवळ कोठेच माणूस म्हणून समोर येत नाही; प्रेक्षकाला त्याचा आवाज ऐकू येतो, त्याची सावली दिसते, आणि बाकी सर्व काळ तो जे पाहतो तेच प्रेक्षक पाहतो. भरताने सांगितलेल्या चार प्रकारच्या अभिनयांपैकी आंगिक आणि सात्त्विक हे दोन वजा झाल्यावर उरतो तो वाचिक, म्हणजे बोलण्याचा, आणि आहार्य, म्हणजे वेषभूषा, रंग, नेपथ्य यांचा. उन्मादाचा सारा भार या दोघांवर टाकण्याचा निर्णय हे या चित्रपटाचे खरे धाडस आहे.

वाचिकाची बाजू जेम्स मेसन या ब्रिटिश नटाने सांभाळली. त्याच वर्षी शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'वरील चित्रपटात त्याने ब्रूटसचे काम केले होते, म्हणजे ज्याच्यावर प्रेम आहे त्याचाच खून करून तो कसा समंजसपणे केला हे लोकांना समजावून सांगणाऱ्या माणसाचे. निवड योगायोगाची असली तरी अर्थपूर्ण आहे. मेसनचा स्वर मऊ, सुसंस्कृत, किंचित दुखावलेला आहे. आपल्यावर अविश्वास दाखवला जातो याचे त्याला वाईट वाटते. किंचाळण्याची जागा येईपर्यंत तो किंचाळत नाही, आणि म्हणूनच डोळे मिटून केवळ हा आवाज ऐकणाऱ्याला बराच वेळ एखादा चांगल्या घरातला माणूस आपली कैफियत मांडत असल्यासारखे वाटत राहते. उन्मादाचे भय तर्क सुटण्यात असते हा सर्वसाधारण समज या आवाजाने मोडीत काढला आहे. या माणसाचा तर्क कोठेही सुटत नाही. डोळ्याचा त्रास होतो, तर डोळा नाहीसा केला पाहिजे, आणि डोळा माणसाला चिकटलेला आहे, तर माणूस. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाला धरून आहे. बिघाड आहे तो पहिल्या पावलाच्या आधी.

आहार्याची बाजू पॉल ज्युलियन याची. तो पूर्वी वॉर्नर ब्रदर्सच्या सचेतपटांची पार्श्वचित्रे रंगवीत असे, आणि रोड रनर या पळणाऱ्या पक्ष्याचा सर्वपरिचित 'बीप बीप' हा आवाजही त्याचाच, ही माहिती या चित्रपटानंतर थोडी विचित्रच वाटते. दिग्दर्शन टेड पार्मली याचे. यूपीए ही संस्था ज्या कलावंतांनी उभी केली त्यांत १९४१ च्या संपानंतर डिस्नेच्या गोटातून बाहेर पडलेले अनेक जण होते, आणि डिस्नेच्या गोलसर, लवचिक, जिवंत प्राण्यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या शैलीविरुद्ध त्यांनी सपाट रंग, मोजक्या रेषा आणि मर्यादित हालचाल यांची शैली घडवली. मर्यादित हालचाल म्हणजे प्रत्येक क्षणासाठी नवे चित्र न काढता थोड्याच चित्रांवर काम भागवणे, बहुतांश चित्र स्थिर ठेवून त्यावरून कॅमेरा फिरवणे, एका चित्रातून दुसऱ्यात विरघळत जाणे. काटकसरीच्या पोटी आलेली ही पद्धत इतर चित्रपटांत कधी कधी कृपण वाटते. येथे ती विषयाचाच भाग झाली आहे. ध्यास लागलेल्या माणसाचे जग हलत नाही, त्याची नजर हलते. खोली, जिना, दार, पलंग जागच्या जागी असतात आणि एकच नजर त्यांच्यावरून सरपटत जाते. कथेत निवेदक दाराच्या फटीतून डोके आत घालायला तासभर घेतो. पडद्यावर हे संथपण कोणत्याही नटाने करून दाखवले असते तर हास्यास्पद झाले असते, परंतु थांबलेल्या चित्रावरून पुढे सरकणाऱ्या कॅमेऱ्याला ते सहज साधते.

डोळ्याचे काय होते, ते यापुढचे. कथेतला डोळा फिकट निळा, साय धरल्यासारखा, गिधाडाच्या डोळ्याची आठवण देणारा आहे, आणि तो म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापुरता आहे. चित्रपटात तो चेहऱ्यावरून निसटतो. चंद्र, चिनी मातीचे भांडे, जे जे गोल आणि फिकट ते ते डोळ्याच्या रूपात उतरू लागते, आणि ध्यासाची सर्वांत अचूक व्याख्या कोठल्याही ग्रंथाविना प्रेक्षकाला मिळते: ध्यास लागलेल्याला एक वस्तू फार वेळा दिसते असे नसून, सगळ्या वस्तूंत तीच दिसते. मराठीत ज्याला 'डोळ्यांत भरणे' म्हणतात त्याचे हे विकृत टोक होय. याच संस्थेने १९४९ पासून मिस्टर मगू या अल्पदृष्टी म्हाताऱ्याचे विनोदी सचेतपट काढून नाव मिळवले होते, आणि दोन्हींकडे विषय दृष्टीचाच आहे: मगूला समोर असलेले दिसत नाही, तर या निवेदकाला नसलेले दिसते, आणि दोघांनाही आपल्या दृष्टीबद्दल यत्किंचितही संशय नसतो.

येथे एक आक्षेप नोंदवला पाहिजे. ज्युलियनची चित्रे काही ठिकाणी गरजेपेक्षा सुंदर आहेत. पडक्या घराचे दुःस्वप्नासारखे आकार, लांबलेल्या सावल्या, अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नाच्या तर्काने वस्तू मांडणाऱ्या, चित्रकारांची आठवण देणारी रिकामी अंतरे यांत नजर कधी कधी रमते, आणि रमलेली नजर घाबरत नाही. शिवाय निवेदकाला सुरुवातीपासूनच विकृत आकारांचे जग दिल्याने, त्याच्या शहाणपणाच्या दाव्याला प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे टिकण्याची संधीच मिळत नाही; कथेत वाचकाला संशय येण्यास जो अवधी मिळतो तो येथे पहिल्याच दृश्यात संपतो. आवाज शहाणा आणि चित्र वेडे, असा हा झगडा पुढे फलदायी ठरतो हे खरे, पण त्याची किंमत मोजली गेली आहे हेही नाकारता येत नाही.

फलदायी ठरतो तो ठोक्यांच्या प्रसंगात. कथेत ठोके फक्त निवेदकाला ऐकू येतात, वाचक ते 'वाचतो', ऐकत नाही, आणि त्यामुळे निवेदकापासून सुरक्षित अंतरावर राहतो. आवाज कशाचा याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तो निवेदकाच्या स्वतःच्या नाडीचा असावा, जी भयाच्या क्षणी कानात धडधडते, असे बहुतेकांना वाटते, तर काहींनी जुन्या लाकडात टकटक करणाऱ्या आणि मृत्यूची सूचना देणाऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किड्याकडे बोट दाखवले आहे, ज्याचा उल्लेख कथेत खरोखरच येतो. बोलपटाला मात्र ही तटस्थता परवडत नाही. ठोका ध्वनिपट्टीवर ठेवला तर तो सभागृहातील प्रत्येकाला ऐकू येणार, आणि ठेवला नाही तर निवेदक केवळ बरळणारा माणूस ठरणार. चित्रपटाने ठोका ठेवला आहे. बोरिस क्रेमेनलिव्ह याच्या संगीतात तो मिसळतो, वाढतो, आणि पडद्यावरचे पोलीस काहीही न ऐकता स्वस्थ बसलेले दिसतात. त्या क्षणी प्रेक्षकाच्या कानांची साक्ष निवेदकाच्या बाजूने जाते आणि डोळ्यांची साक्ष पोलिसांच्या बाजूने, आणि आपण कोणाच्या पक्षात आहोत हे ठरवण्याआधीच प्रेक्षक एका नसलेल्या आवाजाचा भागीदार झालेला असतो. नाद या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकत्र येतात. भास म्हणजे काय हे समजावून सांगणे सोपे आहे. आठ मिनिटांच्या अवधीत सभागृह भरून लोकांना एकच भास व्हायला लावणे ही गोष्ट निराळी.

समकालीन प्रतिसादाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या परीक्षण मंडळाने चित्रपटाला केवळ प्रौढांसाठी असलेले 'एक्स' प्रमाणपत्र दिले आणि तेथे ते मिळवणारा हा पहिला सचेतपट ठरला, यावरून सचेतपट म्हणजे मुलांची करमणूक या समजुतीला त्याने किती हादरा दिला ते कळते. ऑस्करसाठी त्याचे नामांकन झाले, पुरस्कार मात्र डिस्नेच्या 'टूट, व्हिसल, प्लंक अँड बूम' या संगीतवाद्यांच्या उगमावरील गमतीदार चित्रपटाला मिळाला, जो दिसायला डिस्नेपेक्षा यूपीएच्याच वळणाचा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत 'द टेल-टेल हार्ट'ची निवड २००१ मध्ये झाली.

याहून अधिक जपून बोलण्याची बाब दुसरी आहे. खुनी वेडा ही कल्पना साहित्याने आणि चित्रपटाने इतकी वापरली आहे की मनोविकार आणि हिंसा यांची सांगड लोकमानसात पक्की बसली. वस्तुतः मनोविकार असलेल्या बहुसंख्य व्यक्तींच्या हातून हिंसा घडत नाही, उलट हिंसेला बळी पडण्याचाच धोका त्यांना अधिक असतो. भारतात १९१२ चा कायदा नावातच अशा व्यक्तींना वेडे ठरवीत होता; १९८७ आणि २०१७ च्या कायद्यांनी भाषा बदलली आणि भाषेबरोबर दृष्टीही काही प्रमाणात बदलली. या विवेचनात वेड, वेडा, उन्माद हे शब्द योजले आहेत ते एकोणिसाव्या शतकातील कथेच्या आणि तिच्यातील निवेदकाच्या संदर्भात, त्याने स्वतः नाकारलेले विशेषण म्हणून. रुग्णाचे वर्णन म्हणून नव्हे. चित्रपटाला निदानाचा कागद समजून निवेदकाला आजच्या परिभाषेतील एखादा विकार चिकटवण्याचा खटाटोपही येथे केलेला नाही, कारण तसे करताच त्याचे बोलणे ऐकण्याचे कारण संपते.

हा चित्रपट एकदा आवाज बंद करून आणि एकदा पडद्याकडे पाठ करून अनुभवण्याजोगा आहे. पहिल्या वेळी रिकाम्या जिन्यांची आणि बंद दारांची एक चित्रमालिका उरते, जिच्यात भय आहे पण अपराध नाही. दुसऱ्या वेळी एक सभ्य माणूस बोलत राहतो आणि त्याच्या बोलण्यामागे, बराच वेळ लक्षात न येईल इतक्या हळू, काहीतरी वाजू लागते. ते नेमके कोणत्या वाक्यापाशी ऐकू आले याबद्दल दोन श्रोत्यांचे एकमत होणे कठीण आहे, आणि पुढील प्रकरणांत प्रत्येक दृश्याच्या वर्णनाआधी त्याच्या ध्वनीची स्वतंत्र नोंद दिली आहे ती त्यासाठीच.